बी चालते, खुरपे चालत नाही

गरजूला मदत करावी, यावर जगात फारसे दुमत नाही. मतभेद सुरू होतो तो पुढच्या पायरीवर. दिलेल्या मदतीचे घेणाऱ्याने काय करावे, हे ठरवण्याचा अधिकार देणाऱ्याला किती? देऊन मोकळे व्हावे, की दिलेले कशावर खर्च होते हे पाहत दारात उभे राहावे? दोन माणसांत हा प्रश्न आला तर तो स्वभावावर सुटतो. पण देणारे सरकार आणि घेणारे कोट्यवधी असले, म्हणजे त्याला कलमांचे आणि दुकानातल्या गल्ल्याचे रूप येते. अशाच एका गल्ल्यापाशी उभे राहून या प्रश्नाकडे पाहावे, असा माझा विचार आहे. तो गल्ला अमेरिकेतला आहे. पण भूक आणि उपकार या दोन गोष्टी कोणत्याही देशात परक्या नसतात.

अमेरिकेत घरदुरुस्तीच्या सामानाची प्रचंड दुकाने असतात. होम डेपो आणि लोव्ज ही त्यांतली दोन मोठी नावे. आपल्याकडचा हार्डवेअरवाला, रंगवाला, लाकडाचा वखारवाला, नळाचे सामान विकणारा आणि रोपवाटिकेचा मालक असे पाच दुकानदार एका छपराखाली आणून बसवले, तर त्या दुकानाची थोडीशी कल्पना येईल. वसंत ऋतू लागला की तिथल्या अंगणात टोमॅटोची, मिरचीची, वांग्याची, काकडीची रोपे मांडून ठेवलेली असतात. शेजारच्या फळीवर बियाण्यांची पाकिटे, कुंड्या, मातीच्या पिशव्या, झारी आणि खुरपी.

आता अशी कल्पना करा की एक बाई तिथे आली. सरकारी अन्नसाहाय्यावर तिचे घर चालते. त्या साहाय्याचे कार्ड तिच्या पिशवीत आहे. तिने टोमॅटोची चार रोपे उचलली आणि गल्ल्यावर ठेवली. कायदा तिच्या बाजूचा आहे. ज्यांच्यापासून घरच्या माणसांना खाण्याजोगे पीक मिळेल, अशी बियाणी आणि रोपे या साहाय्यातून विकत घेता येतात. तरीही या दुकानात ते कार्ड चालत नाही. या योजनेत सामील होण्यासाठी दुकानाने भाजीफळे, मांसमासे, दूधदुभते आणि पावधान्य अशा मुख्य अन्नवर्गांचा पुरेसा साठा ठेवावा लागतो, किंवा त्याची निम्म्याहून अधिक विक्री अशा अन्नाची असावी लागते. हातोड्या आणि रंगाचे डबे विकणारे दुकान या कसोटीला उतरत नाही. तीच रोपे किराणा आणि बागेचे सामान दोन्ही ठेवणाऱ्या एखाद्या मान्यताप्राप्त दुकानातून किंवा शेतकऱ्यांच्या बाजारातून घेतली, तर चालतात. पण तिथेही रोपाबरोबर कुंडी, माती आणि खुरपे घेतले, तर ती तीन बाजूला काढून ठेवावी लागतात. बी चालते, खुरपे चालत नाही.

ऐकणाऱ्याला हसू येईल. पण कोणताही कायदा मूर्खपणाने असा होत नाही. त्याच्यामागे काही इतिहास असतो. महामंदीच्या अखेरच्या काळात अमेरिकेपुढे एक विचित्र देखावा होता. शेतकऱ्यांचा माल पडून होता आणि शहरातली माणसे अर्धपोटी होती. दोघांची गाठ घालून देण्यासाठी मे १९३९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर या गावी अन्नाची तिकिटे निघाली. मदतीवर असलेल्या माणसाने एक डॉलरची नारिंगी तिकिटे विकत घ्यावी, म्हणजे त्याला पन्नास सेंटची निळी तिकिटे वरकड मिळत. नारिंगीवर कोणतेही अन्न घ्यावे. निळ्यावर मात्र सरकारने शिलकी म्हणून जाहीर केलेलाच माल. म्हणजे पहिल्या दिवसापासून या मदतीला दोन धनी होते. एक भुकेला आणि दुसरा ज्याचा माल खपायचा होता तो. १९४३ मध्ये ती योजना बंद झाली. केनेडींच्या कारकिर्दीत मे १९६१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या मॅक्डॉवेल या खाणींच्या परगण्यात ती प्रयोग म्हणून पुन्हा सुरू झाली, आणि ३१ ऑगस्ट १९६४ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी तिच्या कायद्यावर सही केली. १९७३ च्या दुरुस्तीने बियाणी आणि रोपे अन्नात मोडू लागली. तिकिटे आधी काही पैसे भरून घ्यावी लागत. ती अट १९७७ च्या कायद्याने गेली. २००४ पर्यंत सर्व राज्यांत कागदी तिकिटांऐवजी कार्ड आले आणि २००८ मध्ये योजनेचे नावही बदलले. तिला आता स्नॅप म्हणतात. २०२४ च्या आर्थिक वर्षात दर महिन्याला सरासरी चार कोटींहून अधिक माणसे तिच्या आधाराने जेवत होती. म्हणजे त्या श्रीमंत देशातील दर आठ माणसांत साधारण एक.

या साहाय्यातून काय मिळत नाही, ते पाहण्यासारखे आहे. दारू आणि तंबाखू नाही, हे कोणालाही पटेल. पण साबण नाही, तान्ह्या मुलाचे लंगोट नाहीत, औषधे नाहीत, भांडी घासायची पावडर नाही. दुकानात गरम करून ठेवलेले जेवणही सामान्यतः नाही. कोंबडी कच्ची घेतली तर चालते. तीच भाजून गरम ठेवलेली असली तर चालत नाही. ज्याच्या घरी चूल आहे, भांडे आहे आणि रांधायला वेळ आहे, अशाच गरिबाची मूर्ती कायदा करणाराच्या डोळ्यापुढे होती, हे उघड आहे.

अटी घालणाऱ्याची बाजू मात्र नीट ऐकून घेतली पाहिजे, कारण ती हलकी नाही. तो म्हणतो, ‘‘हा पैसा माझा नाही, कर भरणाऱ्यांचा आहे. त्यांनी तो मुलांच्या पोटात अन्न पडावे म्हणून दिला आहे. उद्या तो रंगाच्या डब्यावर गेला, तर परवा ते देणेच बंद करतील.’’ यात तथ्य आहे. रोख पैसा वाटण्याला जे लोक हात वर करणार नाहीत, ते अन्नाला करतात. अन्न हा शब्दच असा आहे की त्याच्यापुढे कठोर माणूसही जरा थांबतो. ही योजना एवढी वर्षे टिकली, ती त्या शब्दाच्या आश्रयाने. शिवाय ज्या घरात कमावत्याचा पैसा गुत्त्यात जातो, त्या घरातल्या बायकामुलांना अन्नाव्यतिरिक्त काहीच न देणारे कार्ड रोख पैशापेक्षा अधिक भरवशाचे वाटेल. घरोघरच्या अशा कथा शाळामास्तराला कोणी सांगाव्या लागत नाहीत. मुलांच्या डब्यांवरून त्या कळतात. म्हणून ‘अटी म्हणजे अपमान’ असे एका वाक्यात म्हणून मला या प्रश्नातून सुटता येत नाही.

पण अटीचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे पाहू लागले की मन अस्वस्थ होते. साधे गणित घ्या. एका कुटुंबाची मिळकत आहे आणि ते महिन्याला चारशे डॉलर जेवणावर खर्च करते. त्याला दोनशेचे कार्ड मिळाले, तर त्याचे स्वतःचे दोनशे मोकळे होतात. त्या दोनशांचे त्याने खुरपे घ्यावे, रंग घ्यावा, की बाटली घ्यावी, हे कोणी विचारीत नाही आणि कोणाला विचारताही येत नाही. म्हणजे ज्याच्या हाती दुसरा थोडा पैसा आहे, त्याला ही अट जाचतच नाही. ज्याच्याजवळ कार्डाखेरीज एक नाणेही नाही, त्यालाच ती धरते. त्यालाच साबण आणि भाकरी यांच्यातली भिंत लागते. साबणासाठी त्याने कार्डावरचे अन्न निम्म्या किमतीत कोणाला विकले, तर तो गुन्हा होतो. सर्वांसाठी म्हणून लिहिलेले कलम सर्वांत दरिद्री माणसालाच तेवढे लागू पडते, ही गोष्ट न्यायाला शोभणारी नाही.

आता त्याच गल्ल्यावर, त्याच बाईच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळू. त्याचे स्वतःचे घर आहे. स्वयंपाकघर नव्याने बांधून काढण्यासाठी त्याने ते घर गहाण ठेवून कर्ज काढले आहे. अमेरिकेच्या करकायद्यात अशा कर्जाचे व्याज काही अटींवर करपात्र उत्पन्नातून वजा करता येते. मात्र ते कर्ज घर घेण्यावर, बांधण्यावर किंवा त्याच्या मोठ्या सुधारणेवर खर्च झालेले असावे लागते. म्हणजे जो कर सरकारकडे जायचा, तो त्याच्या खिशात राहिला. हीही मदतच आहे. पण ती चोरपावलांनी येते. तिचे कार्ड नसते. गल्ल्यावरची मुलगी त्याच्या गाडीतल्या महागड्या फरशा पाहून ‘‘यांतल्या किती खरोखर गरजेच्या आहेत?’’ असे विचारीत नाही. वर्षाअखेर एक कागद भरला की काम झाले. त्या कागदावर अटी आहेत, हे खरे. पण त्या त्याला रांगेत उभे करून, चार लोकांच्या देखत वाचून दाखवल्या जात नाहीत. एकाच दुकानात, एकाच राज्यसत्तेची मदत घेणारी दोन माणसे. एकाची मदत दिसत नाही म्हणून तो प्रतिष्ठित ठरतो. दुसरीची दिसते, म्हणून तिच्या पिशवीत डोकावण्याचा अधिकार रांगेतल्या प्रत्येकाला वाटतो.

आपल्याकडे म्हण आहे, ‘धर्माची गाय आणि दात का नाय.’ फुकट मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असा घेणाऱ्याला तिचा उपदेश आहे. उपदेश योग्यच आहे. पण गाय देणाऱ्याने घेणाऱ्याचे दात मोजावेत की नाही, याविषयी म्हण गप्प आहे. म्हणी बहुधा देणाऱ्यांच्या घरी तयार होत असाव्यात.

घेणाऱ्याच्या बाजूला उभे राहण्याचा अनुभव आपल्या देशाला नाही असे नाही. आणि तो याच अमेरिकन शिलकी धान्याच्या संबंधात आला आहे. १९५४ च्या पब्लिक लॉ ४८० या कायद्याखाली अमेरिकेतला गहू आपल्या बंदरांत उतरू लागला. १९६५ आणि १९६६ ही वर्षे अवर्षणाची आली, तेव्हा देशाची नजर जहाजांकडे लागली होती. आपल्या देशातल्या भुकेल्यांसाठी तिकिटांच्या कायद्यावर सही करणाऱ्या त्याच जॉन्सन यांनी भारताला धान्य देताना दोरी आखूड धरली. थोडे थोडे मंजूर करायचे, शेतीच्या धोरणात काय बदल झाला ते पाहायचे आणि मग पुढचे सोडायचे. लालबहादूर शास्त्रींनी लोकांना आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडायला सांगितले होते, ते याच काळात. त्या अटींमुळे आपले शेतीकडे लक्ष गेले, असे म्हणणारे आहेत. असेलही. पण त्या दिवसांची आठवण सांगणारी माणसे गव्हाविषयी बोलताना कृतज्ञतेच्या आधी दोरीविषयी बोलतात, हेही तितकेच खरे.

त्या कथेचा पुढचा भाग आपल्या प्रश्नाला अधिक जवळचा आहे. १९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणले. धान्य मागणाऱ्या देशाने बी आणले, तेव्हा त्याची चाल बदलली. मात्र बी आले म्हणून पीक आले नाही. त्याला पाणी लागले, खत लागले, अवजारे लागली, शेतकऱ्याला कर्ज आणि भावाची हमी लागली. हे सगळे जिथे मिळाले, त्या पंजाबसारख्या प्रांतात कोठारे भरली. जिथे मिळाले नाही, तिथे तेच बी मुकाट राहिले. आमच्या महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळात लोक रेशनवरचा परदेशी लाल मिलो दळून खात होते. बी आणि पीक यांच्यामध्ये केवढे अंतर असते, हे दुष्काळी मुलखातल्या माणसाला नव्याने शिकवावे लागत नाही.

म्हणून १९७३ ची ती बियाण्याची दुरुस्ती मला फार मोलाची वाटते आणि त्याचबरोबर अपुरीही. मोलाची यासाठी, की तिने गरिबाविषयी एक वेगळी समजूत कायद्यात आणून ठेवली. भाकरी देताना आपण त्याला खाणारा समजतो. बी देताना आपण त्याला पिकवणारा समजतो. आज पेरले तर दोन महिन्यांनी खाईल, तोवर दम धरील, पाणी घालील, राखण करील, एवढा विश्वास त्या छोट्या कलमात आहे. आणि अपुरी यासाठी, की विश्वास अर्ध्या वाटेवर थबकला. शाळेत एखाद्या दात्याने पाट्या वाटल्या आणि पेन्सिली वाटल्या नाहीत, तर मुलांनी बोटाने लिहावे अशी त्याची इच्छा होती, असे कोणी म्हणणार नाही. पण परिणाम तोच होईल.

‘‘खुरपे म्हणजे अन्न नव्हे; आज खुरपे दिले तर उद्या कुंपण मागतील, परवा घर मागतील. रेघ कुठे तरी ओढावीच लागते,’’ असे यावर उत्तर येईल. रेघ ओढावी लागते हे मला मान्य आहे. पण ती बी आणि खुरपे यांच्यामधूनच गेली पाहिजे, असे काही नाही; आणि याचा पुरावा त्याच कायद्याच्या पोटात आहे. अलास्काच्या दुर्गम भागात, जिथे दुकान गाठणे अतिशय कठीण आणि माणसांचे पोट बव्हंशी शिकारीवर व मासेमारीवर चालते, तिथल्या कुटुंबांना या साहाय्यातून जाळी, गळ, मासे धरायच्या काठ्या, हारपून आणि सुऱ्या घेता येतात. कायद्याने अन्नाची जी व्याख्या केली आहे, तिच्यातच ही हत्यारे घातली आहेत. बंदुका आणि दारूगोळा नाही, वाहतुकीचे सामान नाही, कपडे आणि निवारा नाही. रेघ तिथेही आहे. पण ती विचार करून ओढलेली आहे. त्या बर्फाळ प्रदेशात मासा आणि गळ वेगळे काढता येत नाहीत, हे कायदा करणाऱ्याला दिसले आणि त्याने गळाला अन्न म्हटले. मग शहराच्या कडेला, घरामागच्या हातभर जमिनीत टोमॅटो लावणाऱ्या बाईच्या बाबतीत रोप आणि खुरपे वेगळे काढता येतात, हे कोणी ठरवले?

मला वाटते, ते भीतीने ठरवले. अलास्कातला शिकारी दूर आहे आणि तो काम करताना डोळ्यांपुढे येतो. शहरातली गरीब बाई जवळ आहे आणि ती रांगेत उभी असलेली दिसते. काम करणारा म्हणून ज्याची मूर्ती आपल्या मनात असते, त्याच्या हातात हत्यार द्यायला आपण कचरत नाही. नुसता खाणारा म्हणून ज्याची मूर्ती असते, त्याच्या हातात घास द्यायचा आणि तो गिळेपर्यंत पाहत राहायचे. फरक त्या दोन माणसांत नाही, आपल्या मनातल्या दोन चित्रांत आहे.

यावर कोणी म्हणेल, की किती गरीब खरोखर बाग लावतील? पुष्कळांना जमीन नाही. चौथ्या मजल्यावरच्या खोलीत ऊन येत नाही. दोन ठिकाणी नोकरी करणाऱ्याला झारी उचलायला वेळ नाही. हे सगळे खरे आहे, आणि म्हणूनच बाग हा भुकेवरचा उपाय म्हणून मी सांगत नाही. चार रोपांनी कोणाचे वर्ष निघत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मदतीची अट तपासायची झाली तर एक कसोटी लावावी. ही अट भुकेल्याचे रक्षण करते, की देणाऱ्याच्या मनाची शांती राखते? दारूवरची बंदी पहिल्या कसोटीला थोडीफार उतरेल, कारण तिच्यामागे घरातले मूल उभे आहे. साबणावरच्या आणि खुरप्यावरच्या बंदीमागे कोण उभे आहे? मूल नाही. हिशेब चोख राहिल्याचे समाधान तेवढे उभे आहे.

खुरप्याला परवानगी दिली तर काही खुरपी विकली जातील. काही रोपे उन्हात वाळतील. विश्वास ठेवण्याची ही किंमत आहे आणि ती देणाऱ्याने आधीच धरून चालावी. धान्याच्या कोठारातही उंदराचा वाटा जातो. म्हणून कोणी पेरणे सोडत नाही. उलट, विश्वास न ठेवण्याचीही किंमत असते. मात्र ती देणाऱ्याच्या वहीत कधी लिहिली जात नाही. घेणाऱ्याच्या मनात ती साठत जाते. दर खेपेला गल्ल्यावर अर्ध्या वस्तू बाजूला काढून ठेवणाऱ्या माणसाला हळूहळू तसेच जगायची सवय होते. मागायचे आणि अर्धे परत ठेवायचे. ती सवय लागलेल्या माणसाने उद्या स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी अपेक्षा करणारेही पुन्हा आपणच असतो.

२०२५ पासून तिथली काही राज्ये या कार्डावरून गोड पेये आणि मिठाई वगळण्याची परवानगी मिळवीत आहेत. त्यामागचा आरोग्याचा विचार खोटा आहे, असे मी म्हणणार नाही. पण अन्नाची व्याख्या पुन्हा हाती घेतलीच आहे, तर ती केवळ आखूड करू नये. काय काढायचे याच्या यादीशेजारी काय घालायचे याचीही एक यादी असावी, आणि तिच्यात अलास्कातल्या गळाशेजारी एखादे खुरपे, एक झारी आणि मातीची एक पिशवी यांना जागा मिळावी. खर्च थोडा होईल. पण ज्याला आपण रोप दिले, ते लावायला त्याला मातीही लागेल, एवढे देणाऱ्याला कळले होते, याची नोंद कायद्यात राहील.